भाड्याचा व्हीपीएस: निवड, पहिला तास आणि खरी पारख (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान छोट्या कामासाठी व्हीपीएस (एका मोठ्या यंत्रातला आपल्यापुरता भाड्याचा आभासी सर्व्हर) घेणाऱ्यांसाठी आहे: मराठी बातम्यांचं संकेतस्थळ, दिवाळी अंक, संस्थेचं नोंदणी-पान, दुकानाची ऑर्डर व्यवस्था. सगळी उदाहरणं उबुंटू २४.०४ आणि २ जीबी रॅमच्या सर्व्हरची आहेत. आमचं म्हणणं एकच आहे. दरपत्रकावरचे आकडे सगळीकडे सारखेच दिसतात, पण त्यामागे मिळणारं यंत्र सारखं नसतं. ते मोजूनच कळतं, आणि मोजायचं ते पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत.

शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) चालू असताना व्हीपीएस कशाला?

स्वतःची सॉफ्टवेअर टाकायची असतील, पार्श्वभूमीला सतत चालणारी कामं असतील किंवा दुसऱ्याच्या साइटमुळे आपली अडत असेल, तरच घ्या. पाच पानांच्या साइटसाठी शेअर्ड होस्टिंग पुरतं. व्हीपीएस घेतला की अपडेट, फायरवॉल, बॅकअप हे सगळं आपल्याच गळ्यात येतं.

केव्हीएम आणि ओपनव्हीझेड यांत काय बघायचं?

दोन्ही एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याच्या पद्धती आहेत. केव्हीएम घ्या. त्यात तुमच्या सर्व्हरला स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मिळतो आणि रॅम वेगळी बांधून दिलेली असते. केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत आलं आणि आज बहुतेक चांगले पुरवठादार तेच वापरतात. ओपनव्हीझेड आणि एलएक्ससी हे कंटेनर आहेत. त्यांत कर्नल सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे कर्नल मॉड्यूल स्वतः चढवता येत नाही, आणि डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) किंवा वायरगार्ड (व्हीपीएन) चालेल की नाही हे पुरवठादाराच्या मर्जीवर राहतं. स्वॅपसुद्धा (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) बरेचदा हातात नसतो.

घेतल्यावर खात्री करा. 'सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट' ही आज्ञा एका शब्दात उत्तर देते. 'केव्हीएम' म्हणून विकलेल्या सर्व्हरवर 'एलएक्ससी' असं उत्तर आलं तर पुढची तपासणी करत बसू नका, पैसे परत मागा.

रॅम किती लागते?

वर्डप्रेस, मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर) एकत्र चालवायचे तर २ जीबी. १ जीबीमध्ये बसतं, पण एखादं जड प्लगिन आलं की कोलमडतं. एकटं गो किंवा नोडचं छोटं ॲप असेल तर १ जीबी भरपूर. '२ जीबी' घेतल्यावर 'फ्री' ही आज्ञा १.९ जीबीच दाखवते म्हणून घाबरू नका, थोडी रॅम कर्नल स्वतःसाठी ठेवतो. बघायचा रकाना 'अव्हेलेबल' आहे, 'फ्री' नाही. रिकामी रॅम लिनक्स फायलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो.

सर्व्हर मुंबईत घ्यावा, सिंगापूरला की युरोपात?

वाचक महाराष्ट्रात असतील तर मुंबई. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १००० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. म्हणजे ६५ मिलिसेकंदांच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही, आणि केबल सरळ जात नसल्यामुळे प्रत्यक्षात आकडा ११० ते १५० दिसतो. नवी जोडणी उघडून टीएलएससकट (वेबची सांकेतिक सुरक्षा) पहिला बाइट यायला अशा तीन फेऱ्या लागतात. म्हणजे सर्व्हर कितीही वेगवान असला तरी वाचकाचे ४०० मिलिसेकंद वाटेतच गेले.

लिनोड, वल्टर आणि ॲमेझॉनचं लाइटसेल मुंबईत मिळतं, डिजिटलओशन बंगळुरूत. वाचक अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतले असतील तर गणित उलटं होतं. तेव्हा सर्व्हर तिकडेच ठेवा. चित्रं आणि स्टायलशीट सीडीएनवर (वाचकाजवळच्या सर्व्हरांवर प्रती ठेवणारी सेवा) टाकली तर दूरच्या सर्व्हरचा त्रास बराच कमी होतो, पण प्रत्येक वाचकासाठी नव्यानं तयार होणाऱ्या पानांना, उदाहरणार्थ लॉगिन किंवा ऑर्डर, त्याचा फारसा उपयोग नाही.

दर ५ डॉलर लिहिला आहे. हातातून किती जातात?

भारतीय ग्राहकाला त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. जीएसटी क्रमांक असेल तर खात्यात आधी भरा, हिशेब वेगळा होतो. आयपीव्ही४ पत्ता, बॅकअप आणि स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) यांचे पैसे वेगळे आहेत का तेही बघा. आणि पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर नूतनीकरणाचा दर काय, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

कार्डातून दर महिन्याचे पैसे आपोआप का जात नाहीत?

रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार आवर्ती वसुलीला आधी ई-मँडेट (ग्राहकाची आगाऊ संमती) नोंदवावं लागतं. परदेशी पुरवठादाराची ती सोय नसेल तर वसुली परत फिरते, सर्व्हर आधी बंद होतो आणि काही दिवसांनी पुसला जातो. उपाय सोपा आहे: शक्य तिथे खात्यात तीन-चार महिन्यांची रक्कम आगाऊ भरून ठेवा, आणि बिलाच्या सूचना अशा ईमेलवर घ्या जो त्याच सर्व्हरवर चालत नाही.

पुरवठादार ओळखपत्र का मागतो?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि वापराचा काळ ही माहिती पडताळून नोंदवायची असते. खातं बंद झाल्यावरही ती ५ वर्षं ठेवायची असते.

सर्व्हर हातात आला. पहिल्या तासात काय करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. सर्व्हरमध्ये दुरून शिरायचं ते एसएसएचनं. आधी स्वतःच्या संगणकावर 'एसएसएच-कीजेन' वापरून 'ईडी२५५१९' प्रकारची किल्ली बनवा आणि तिला सांकेतिक वाक्य द्या. सर्व्हरवर 'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट अपग्रेड' चालवा, लागल्यास रीबूट करा. मग 'ॲडयूजर' वापरून नवा वापरकर्ता तयार करा, त्याला 'सुडो' (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या) गटात घाला आणि 'एसएसएच-कॉपी-आयडी'नं किल्ली त्याच्या खात्यात टाका.

आता दुसरी टर्मिनल खिडकी उघडून नव्या वापरकर्त्यानं आत जाऊन बघा, 'सुडो' चालतो का तेही पाहा. ते जमल्यावरच रूटचं (सर्वाधिकारी खात्याचं) लॉगिन आणि पासवर्डनं होणारं लॉगिन बंद करा. पहिली खिडकी शेवटपर्यंत मिटू नका. बदल केल्यावर 'एसएसएचडी' ही आज्ञा लहान 'टी' पर्यायासह चालवली की लिहिण्यातली चूक कळते. त्यानंतरच सेवा पुन्हा सुरू करा.

फायरवॉलसाठी 'यूएफडब्ल्यू' पुरतं. आधी 'ओपनएसएसएच'ला परवानगी, मग ८० आणि ४४३ (वेबची पोर्टं), आणि सगळ्यात शेवटी 'इनेबल'. हा क्रम उलटा झाला की स्वतःच बाहेर. घरच्या आयपी पत्त्यापुरतंच एसएसएच उघडं ठेवण्याचा मोह टाळा. आपल्याकडच्या बहुतेक ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांना कायमचा पत्ता नसतो.

वेळही बघून घ्या. नवा सर्व्हर बहुधा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असतो, त्यामुळे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) 'रात्री २' लिहिलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो, नेमका वाचक यायला लागल्यावर. 'टाइमडेटसीटीएल'नं 'एशिया/कोलकाता' लावा किंवा यूटीसीच ठेवून वेळ साडेपाच तास मागे लिहा. दोन्हींपैकी एकच पद्धत धरा.

पासवर्ड लॉगिन 'नो' केलं, तरी पासवर्ड विचारला जातो. का?

उबुंटूवर हे सर्रास घडतं. 'एसएसएचडी_कॉन्फिग' या मुख्य फायलीच्या सुरुवातीलाच 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या फायली ओढून घेतल्या जातात, आणि तिथे '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाईल पुरवठादाराच्या साच्यातून आलेली असते. तिच्यात पासवर्ड लॉगिन 'येस' असतं. एसएसएच सर्व्हर प्रत्येक सेटिंगची जी किंमत पहिल्यांदा वाचतो तीच धरतो, त्यामुळे मुख्य फायलीत खाली लिहिलेलं तुमचं 'नो' वाया जातं.

त्याच फोल्डरमध्ये '००'नं सुरू होणारी आणि '.कॉन्फ'नं संपणारी स्वतःची फाईल ठेवा. मग 'एसएसएचडी' मोठ्या 'टी' पर्यायासह चालवा. सर्व्हर प्रत्यक्षात काय मानतो आहे ते तिथे दिसतं.

एसएसएचचं पोर्ट २२ वरून बदलावं का?

लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही. किल्लीनंच लॉगिन होत असेल तर गरज नाही. तरी बदलायचं असेल तर लक्षात ठेवा, २४.०४ मध्ये पोर्ट सिस्टिमडीचं (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) 'एसएसएच.सॉकेट' उघडतं. त्यामुळे फाईल बदलल्यावर 'डेमन-रीलोड' आणि मग सॉकेट पुन्हा सुरू करावं लागतं. नुसती एसएसएच सेवा रीस्टार्ट करून भागत नाही. नवं पोर्ट फायरवॉलमध्ये आधी उघडा.

एसएसएचनं आत जाताच येत नाही. सर्व्हर गेला का?

नाही. पुरवठादाराच्या पॅनेलमध्ये वेब कन्सोल असतो. तो नेटवर्क बंद असतानाही चालतो, पण तिथे पासवर्ड लागतो. म्हणून सुडो वापरकर्त्याला मजबूत पासवर्ड देऊन तो जपून ठेवा. कन्सोलच नसेल तर रेस्क्यू मोडमधून (सर्व्हर तात्पुरत्या दुसऱ्या यंत्रणेवर सुरू करून) डिस्क जोडून फाईल दुरुस्त करता येते. दोन्ही नसलेला पुरवठादार घेऊ नका.

यूएफडब्ल्यू चालू आहे, तरी डॉकरमधला डेटाबेस बाहेरून उघडा दिसतो. असं कसं?

डॉकर आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम स्वतः लिहितो. बाहेरून आलेलं पॅकेट 'प्रीराउटिंग'मध्येच कंटेनरकडे वळतं आणि 'फॉरवर्ड' साखळीतून जातं. यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम 'इनपुट' साखळीवर बसलेले असतात, त्यांची गाठच पडत नाही. पोर्ट उघडताना आकड्याआधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते सर्व्हरच्या आतच राहतं. मायएसक्यूएल, रेडिस, मोंगो यांची पोर्टं बाहेर उघडण्याचं कारण जवळजवळ कधीच नसतं. पुरवठादाराच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल मिळत असेल तर तीही लावा, ती डॉकरच्या आधी येते.

२ कोअर विकत घेतले. खरंच मिळतात का?

व्हीपीएसच्या पारखेत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विकलेला कोअर हा बहुतेक वेळा अनेकांत वाटलेला असतो. तुमचं काम तयार असूनही होस्टनं (अनेक व्हीपीएस चालवणाऱ्या मूळ यंत्रानं) सीपीयू दुसऱ्याला दिला, तर त्या वेळेला 'स्टील' म्हणतात. 'टॉप' उघडा आणि सीपीयूच्या ओळीच्या शेवटी असलेला 'एसटी'चा आकडा पाहा. 'व्हीएमस्टॅट १' चालवलं तर दर सेकंदाची नोंद मिळते.

सर्व्हर रिकामा असताना हा आकडा शून्य दिसणारच, कारण तुम्ही काही मागितलंच नाही. म्हणून भार टाकून मोजा. एका खिडकीत 'सिसबेंच'ची सीपीयू चाचणी १ थ्रेडवर ६० सेकंद चालवा, दुसरीत 'व्हीएमस्टॅट' बघा. चाचणी 'इव्हेंट्स पर सेकंद' असा आकडा देते, तो तारीख-वेळेसह लिहून ठेवा. सकाळी, दुपारी, रात्री ९ ते ११ मध्ये आणि रविवारी, असं आठवडाभर करा. एकाच वेळची मोजणी निरुपयोगी आहे, कारण शेजारी झोपलेले असताना प्रत्येक सर्व्हर उत्तम असतो.

आमचा ठोकताळा असा: स्टील २ टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ५ टक्के वारंवार दिसत असेल तर तक्रार करा. गर्दीच्या वेळी १० च्या वर टिकून राहत असेल तर सोडा. काही होस्ट स्टीलचा आकडा आत कळवतच नाहीत. तिथे सिसबेंचचे आकडेच सत्य सांगतात: सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट नोंदीत २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कोअर दाटीवाटीत आहे.

एक अपवाद आहे. लाइटसेलसारख्या योजनांत ठरलेल्या पातळीच्या वर सीपीयू थोडाच वेळ मिळतो आणि साठा संपला की वेग दाबला जातो. तोही स्टील म्हणूनच दिसतो. ती फसवणूक नाही, योजनेतच तसं लिहिलेलं असतं, पण दिवसभर चालणाऱ्या कामाला ती योजना चुकीची.

डिस्कची चाचणी कशी करायची?

'डीडी'नं मोठी फाईल लिहून वेग बघण्याची पद्धत फसवी आहे. आकडा पुष्कळदा रॅममधल्या कॅशचा असतो. डेटाबेसला लागतात ते लहान, विखुरलेले वाचन-लेखन. 'एफआयओ' हे चाचणीचं साधन टाका आणि ही मापं द्या: ब्लॉक ४ केबी, प्रकार 'रँडरीड' आणि नंतर 'रँडराइट', फाईल ४ जीबी, 'आयओडेप्थ' ३२, 'आयओइंजिन' म्हणून 'लिबएआयओ', वेळ ६० सेकंद, आणि 'डायरेक्ट' १. हा शेवटचा पर्याय विसरलात तर मोजणी डिस्कची न होता रॅमची होते.

होस्टमधल्याच एनव्हीएमई डिस्कवर दहा हजारांच्या पटीत आयओपीएस (दर सेकंदाची वाचन-लेखनं) मिळतात. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर काही हजारांवर मर्यादा घातलेली असते, आणि छोट्या साइटला तेवढं पुरतं. शंभर-दोनशे आले तर मागे फिरती डिस्क आहे किंवा गळा आवळलेला आहे.

पण आयओपीएसपेक्षा आम्ही विलंबाकडे जास्त बघतो. डेटाबेस प्रत्येक व्यवहार डिस्कवर पक्का झाल्याची वाट पाहतो. 'एफडेटासिंक' १ ठेवून लहान लेखनाची चाचणी करा आणि निकालातल्या 'सिंक' विभागात ९९ टक्क्यांच्या ओळीसमोरचा विलंब वाचा. १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. तिथे १०० दिसत असतील तर सरासरी कितीही देखणी असो, ऑर्डर भरताना साइट अडखळणार. चाचणी संपल्यावर ४ जीबीची फाईल पुसा, आणि तासन्‌तास भार टाकू नका, बऱ्याच पुरवठादारांच्या अटींत त्याला मनाई असते.

नेटवर्कचं काय? '१ जीबीपीएस पोर्ट' म्हणजे काय समजायचं?

पोर्टचा वेग आणि महिन्याचा कोटा या वेगळ्या गोष्टी. १ टीबीचा कोटा महिनाभर समान वाटला तर सतत ३ एमबीपीएसच होतो. लेखांच्या साइटला तो पुष्कळ, व्हिडिओला अगदी तोकडा. कोटा संपल्यावर वेग कमी होतो की जादा बिल येतं, हे आधी वाचा.

मोजणी वाचकाच्या बाजूनं करा. पुण्यातल्या घरच्या ब्रॉडबँडवरून, जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलच्या मोबाइलवरून सर्व्हरकडे 'एमटीआर'चे (वाटेतला प्रत्येक टप्पा तपासणारं साधन) शंभर-शंभर फेरे चालवा. मधल्या एखाद्या टप्प्यावर तूट (हरवलेली पॅकेटं) दिसली आणि पुढे दिसली नाही तर दुर्लक्ष करा, तो राउटर फक्त उत्तर द्यायला टाळतो. तूट शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकली तरच ती खरी. परतीची वाट वेगळी असू शकते, म्हणून सर्व्हरकडून घराकडेही चालवा.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) तपासल्याशिवाय राहू नका. जिओचे मोबाइल मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वापरतात. डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी व्यवस्था) तो पत्ता टाकला आणि सर्व्हरवर ते नीट चालत नसेल, तर तुमच्या लॅपटॉपवर साइट झटकन उघडते आणि वाचकांच्या फोनवर रेंगाळते.

९९.९ टक्के अपटाइमची हमी पुरेशी आहे का?

३० दिवसांत ४३ मिनिटं बंद राहिला तरी ती हमी पाळली गेली. ९९.५ टक्क्यांत साडेतीन तास बसतात. हमी मोडली तर मिळतं ते बिलातलं थोडं क्रेडिट, तेही मागितलं तर. बाहेरच्या सेवेतून दर मिनिटाला तपासणी लावा आणि स्वतःची नोंद ठेवा.

मायएसक्यूएल मध्येच बंद पडतं. का?

बहुतेक वेळा रॅम संपते आणि कर्नल सगळ्यात मोठ्या प्रक्रियेला मारतो. 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. दोष सहसा मायएसक्यूएलचा नसतो, पीएचपीचा असतो. पीएचपी-एफपीएममध्ये 'मॅक्स_चिल्ड्रन' (एका वेळी किती प्रक्रिया चालतील तो आकडा) उबुंटूवर मुळात ५ असतं, लोक कुठेतरी वाचून ते ५० करतात. वर्डप्रेसची एक प्रक्रिया ६० ते १०० एमबी खाते. २ जीबीतून यंत्रणेचे ३०० आणि मायएसक्यूएलचे ५०० एमबी वजा केले तर साधारण १२०० उरतात, म्हणजे १० ते १२ प्रक्रिया. त्यापुढे जाऊ नका.

२ जीबीची स्वॅप फाईलही ठेवा: 'एफअलोकेट', परवानगी ६००, 'मेकस्वॅप', 'स्वॅपऑन', आणि 'एफएसटॅब'मध्ये ओळ. शेवटची ओळ राहिली तर पुढच्या रीबूटनंतर स्वॅप नसतो. स्वॅप हा अडीअडचणीचा आधार आहे. तो सतत वापरात असेल तर रॅम वाढवा.

मराठी मजकूर किंवा इमोजी प्रश्नचिन्हं होऊन येतात?

जुना डेटाबेस हलवताना हे होतं. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' एका अक्षराला ३ बाइटच देतं. देवनागरी त्यात मावते, इमोजीला ४ लागतात. टेबल आणि जोडणी दोन्ही 'यूटीएफ८एमबी४' करा. देवनागरीच गेली असेल तर निर्यात किंवा आयात 'लॅटिन१' जोडणीतून झाली असण्याची शक्यता जास्त. मूळ सर्व्हर बंद करण्याआधी दोन-चार लेख उघडून बघाच.

याच सर्व्हरवरून ईमेल पाठवता येईल?

टाळा. बहुतेक पुरवठादार नव्या खात्यांना बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि भाड्याच्या आयपीची पूर्वीची पत आपल्याला माहीत नसते. मेल पाठवणाऱ्या सेवेला पोर्ट ५८७ वरून जोडा, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या (मेल खरंच तुमच्याकडून आल्याचं पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये टाका.

पुरवठादाराचा स्नॅपशॉट आहे. वेगळा बॅकअप हवाच का?

हवाच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचचं एसबीजी२ हे डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचं दोन्ही गेलं. खातं बंद झालं किंवा बिल थकलं तरी स्नॅपशॉट सर्व्हरबरोबरच जातात.

रोज 'मायएसक्यूएलडंप' (डेटाबेसची प्रत) 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' पर्यायासह घ्या, मग डंप आणि अपलोड फोल्डर 'रेस्टिक' या बॅकअप साधनानं दुसऱ्या कंपनीच्या साठ्यावर पाठवा. रेस्टिकचा पासवर्ड सर्व्हरबाहेर लिहून ठेवा, तो हरवला तर बॅकअप उघडत नाही. तीन महिन्यांतून एकदा तासाभरासाठी नवा सर्व्हर घेऊन त्यावर साइट उभी करून पाहा. उभी राहिली नाही तर तुमच्याकडे बॅकअप नाही, नुसत्या फायली आहेत.

तक्रार कशी लिहायची की दखल घेतली जाईल?

'सर्व्हर स्लो आहे' एवढंच लिहू नका. वेळ यूटीसीमध्ये, त्या वेळचा 'व्हीएमस्टॅट', 'एफआयओ'चा निकाल, दोन्ही दिशांचे 'एमटीआर' आणि आठवड्यातल्या चांगल्या दिवसाचे तेच आकडे जोडा. सोबत 'दुसऱ्या होस्टवर हलवा' अशी स्पष्ट मागणी करा. चांगला पुरवठादार अशा पुराव्यावर हलवतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच प्रश्न मिटतो.

आकडे वाईट आले आणि सोडायचं ठरलं. साइट बंद न पडता कसं हलायचं?

दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. नवा सर्व्हर पूर्ण उभा करा, आणि आपल्या संगणकाच्या 'होस्ट्स' फायलीत नवा आयपी लिहून साइट तपासा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र जुन्यावरून उचलून नेता येतं. पुढचं नूतनीकरण चालेल का ते डीएनएस वळल्यावर 'सर्टबॉट रिन्यू'च्या 'ड्राय-रन'नं पाहा. नेहमीच्या पद्धतीत त्याला पोर्ट ८० उघडं लागतं. हलवताना जुन्या साइटवर नवं लिखाण आणि ऑर्डरी थांबवा, शेवटचा डंप न्या, मग डीएनएस बदला. जुना सर्व्हर आठवडाभर चालू ठेवा आणि त्याच्या लॉगमध्ये कोणी येत नाही असं दिसल्यावरच रद्द करा. रद्द करताना कार्डाचं मँडेट वेगळं बंद करावं लागतं.